आनंदीबाई आणि तो न सापडलेला कागद

नारायणराव पेशव्यांना कोणी मारवले, असे शाळकरी मुलाला विचारले तरी उत्तर तयार असते: त्यांचे काका राघोबादादा यांच्या बायकोने, आनंदीबाईने. राघोबादादांनी 'धरावे' असे लिहिले, तिने 'ध'चा 'मा' करून ते 'मारावे' केले आणि पुतण्याचा जीव गेला. अडीचशे वर्षांत ही गोष्ट इतकी घट्ट बसली आहे की तिला पुरावा काय, हा प्रश्नच कोणाला पडत नाही. तो पडायला हवा. एका बाईच्या माथी मारलेल्या या गोष्टीमुळे खऱ्या कटाची माणसे नजरेआड झाली आहेत.

आधी त्या दिवसाकडे पाहू. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले. नारायणराव अठरा वर्षांचे, पेशवेपदावर येऊन वर्षही झाले नव्हते. काका रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांमध्ये, म्हणजे भाडोत्री शिपायांमध्ये, काहीतरी शिजते आहे, याची कुणकुण पेशव्यांना लागली होती आणि त्यांनी सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलेही होते. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की हरिपंत ते काम मागे ठेवून एकाकडे जेवायला गेले. दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसब यांचे गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त काढून वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेले आणि त्यांना मिठी मारली. राघोबादादांचाच खिजमतगार तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढले. धन्याला वाचवायला चाफाजी टिळेकर नावाचा सेवक अंगावर आडवा पडला, त्यालाही तोडले.

म्हणजे 'काका, मला वाचवा' या हाकेमागे खरा प्रसंग आहे. पौर्णिमेच्या रात्री ती अजून ऐकू येते, ही मात्र नंतरची भर. खून भर दुपारी झाला आणि पौर्णिमा अजून पुढे होती. शिवाय ज्या दालनांत तो झाला ती १८२८ च्या आगीत जळून गेली. आज आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती.

दुसरा समज असा की हे पगारासाठी बिथरलेल्या भाडोत्री शिपायांचे काम. तसे असते तर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांना फार शोध घ्यावा लागला नसता. त्यांनी काही आठवडे चौकशी केली. कटात सुमारे पन्नास माणसे निघाली आणि त्यांत गारद्यांपेक्षा ब्राह्मणांची संख्या जास्त होती. वाड्यात रोज वावरणारे, पेशव्यांचे अन्न खाणारे लोक त्यात होते. मुख्य दोष शास्त्रीबुवांनी रघुनाथरावांवर ठेवला, तोही ते गादीवर बसलेले असताना, त्यांच्या तोंडावर. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे सांगून त्यांनी पुणे सोडले. मराठी न्यायाच्या इतिहासातला हा अत्यंत मोठा क्षण आहे, आणि त्यात बोट दादांकडे आहे.

मग आनंदीबाई आल्या कुठून? खाडाखोडीची हकीकत ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे. तिथेही अक्षर बाईंनी बदलले हे तो लोकांचा समज म्हणून नोंदवतो. खून होऊन तेव्हा अर्धे शतक उलटले होते. तो कागद आज कोणत्याही दप्तरात दाखवता येत नाही. ही गोष्ट कोणाच्या सोयीची होती, हेही पाहावे. दादांनी फक्त धरायला सांगितले होते असे ठरले की ते महत्त्वाकांक्षी पण भोळे ठरतात, आणि रक्त दुसऱ्याच्या हाताला लागते. पेशव्याला कैद करून स्वतः गादीवर बसण्याचा बेत दादांचा होता. शस्त्रे घेतलेली माणसे त्यासाठी वाड्यात आणायची, तर पुढे काय होईल याची जबाबदारी एका अक्षरावर ढकलता येत नाही.

'पोटच्या पोरासाठी केले' असेही सांगतात. दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १० जानेवारी १७७५ चा, धारचा. खुनाच्या दिवशी ते पोटातही नव्हते. घरात होते ते दत्तक अमृतराव.

तरी दुष्ट आनंदीबाई लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते, कारण रंगभूमीने आणि पडद्याने ती उभी केली. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' नाटक १९०९ चे. प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री' चित्रपटात ललिता पवारांनी ही भूमिका केली. नाटक म्हणून हे चित्रण जोरकस आहे. पण नाटकाला एक खलनायिका पुरते. इतिहासाला पन्नास माणसांचा हिशेब द्यावा लागतो.

असे इतरत्रही घडले आहे. सतराव्या शतकात चिलीतील स्पॅनिश वसाहतीत कातालीना दे लोस रिओस नावाची जमीनदारीण होती. 'ला किन्त्राला' म्हणून ती तिथल्या दंतकथांत क्रौर्याची मूर्ती झाली. १८७७ मध्ये इतिहासकार विकुन्या माकेन्ना याने तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि दंतकथेला आणखी बळ मिळाले. फरक इतकाच, पण मोठा, की गुलाम आणि नोकरांच्या छळाबद्दल तिच्याविरुद्ध खरोखरच न्यायालयात प्रकरण उभे राहिले होते.

आनंदीबाईंवर तसे काहीच झाले नाही. त्या निर्दोष होत्या, असे मी म्हणत नाही. गुहागरच्या ओकांची ही मुलगी हुशार होती, नवऱ्याच्या राजकारणात तिला रस होता, आणि कैदेतल्या दादांची बाजू तिने घेतली असणार. दादा १७८३ मध्ये कोपरगावजवळ वारले. पुढची वर्षे आनंदीबाईंनी कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली काढली. नाशिकजवळचे आनंदवल्ली त्यांच्या नावाने ओळखले जाते. १७९४ मध्ये त्या वारल्या. या सगळ्या काळात सत्ता नाना फडणवीसांच्या हाती होती. खुन्यांपैकी जे सापडले त्यांना दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, देहान्त शासन केले होते. दादांच्या कुटुंबाची बदनामी होणे नानांच्या फायद्याचे होते. दप्तर त्यांच्या ताब्यात होते, बाईही त्यांच्याच ताब्यात होत्या, तरी 'ध'चा 'मा' केल्याचा खटला त्यांनी आनंदीबाईंवर कधीच उभा केला नाही.