तीस वळणांची शर्यत

रेडिओ नियंत्रणावर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या शर्यतीला पायलॉन रेसिंग म्हणतात. पायलॉन म्हणजे वळणाची खूण म्हणून मैदानावर उभारलेला खांब. विशीत हा छंद जडलेली माणसे सत्तरीतही तितक्याच ओढीने मैदानावर येतात. त्यांना इतकी वर्षे काय धरून ठेवते, हे शर्यत टप्प्याटप्प्याने पाहिली की उमगते.

आधी मार्ग समजून घेऊ. एफएआय या हवाई क्रीडांच्या जागतिक संघटनेचा एफ३डी हा गट घ्या. तीन खांबांचा लांबट त्रिकोण असतो. दुसरा आणि तिसरा खांब एकमेकांपासून ४० मीटरवर, तर पहिला दूर, सुमारे १८० मीटरवर. एक फेरा ४०० मीटरचा. असे १० फेरे म्हणजे ४ किलोमीटर आणि ३० वळणे, सगळी डावीकडे. निष्णात वैमानिक हे अंतर मिनिटभराच्या आसपास कापतात. एका वेळी तीन विमाने उडतात, म्हणून मार्गाजवळच्या सर्वांनी शिरस्त्राण घालायचे असते.

आता विमानाचा तोल. पंखाखाली दोन बोटे धरून विमान उचलावे. विमानाच्या आराखड्यात दाखवलेल्या बिंदूवर ते आडवे राहिले पाहिजे. नवखे बहुधा इथेच चुकतात. शेपटी जड राहिली, तर विमान बावरल्यासारखे वरखाली होते आणि वेग वाढला की हाताबाहेर जाते.

मग रेडिओ तपासावा. आपल्या हातातला ट्रान्समीटर आज्ञा पाठवतो, विमानातला रिसीव्हर ती घेतो आणि सर्वो नावाच्या छोट्या मोटरी पंखाच्या व शेपटीच्या पट्ट्या हलवतात. फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यास इंजिन बंद करणारी सोय, जमिनीवरच तपासून घ्यावी. बॅटरी पूर्ण भरली आहे ना, हेही पाहावे.

इंजिन साधारण साडेसहा घनसेंटिमीटरचे. इंधनात ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल. इंधनाचा प्रवाह नीडलच्या, म्हणजे बारीक स्क्रूच्या, साहाय्याने जुळवतात. प्रोपेलरच्या मागे उभे राहून इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबावी. इंजिनाचा आवाज किंचित चढला, तर इंधन आणि हवेच्या मिश्रणात इंधन थोडे जास्त आहे, आणि ते तसेच हवे. हवेत प्रोपेलरवरचा भार हलका होतो, तो अधिक वेगाने फिरतो आणि मिश्रण आपोआप पातळ होते. जमिनीवर आवाज ऐन टिपेला नेऊन ठेवला, तर इंजिन तापून मधेच बंद पडते. अनेकांची शर्यत अशी संपते.

सुरुवातीला निशाण पडते आणि विमाने थोड्या थोड्या अंतराने सुटतात. वैमानिकाजवळ कॉलर, म्हणजे वळणाची सूचना देणारा साथीदार, उभा असतो. दूरच्या खांबाशी विमान पोहोचले की नाही, याचा अंदाज जवळून येत नाही. त्यामुळे वैमानिकाचे डोळे विमानावर आणि कान कॉलरकडे.

वळण हा सगळ्याचा गाभा. एलेरॉनने, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीने, विमान जवळजवळ उभे कलते करायचे. मग एलिव्हेटरने, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या पट्टीने, ते खेचून वळवायचे. जोरात खेचले की वेग मरतो, हळू खेचले की वळसा लांबतो. कल कमी पडला, तर विमान वर चढते आणि अंतर वाढते.

खांबाच्या आतून वळणे महागात पडते. एकदा झाले, तर वेळेत १० टक्के भर पडते. दुसऱ्यांदा झाले, तर ती शर्यत जवळपास हातची जाते. म्हणून जाणते वैमानिक खांबाला अगदी खेटून जात नाहीत. ते प्रत्येक वळसा एकाच उंचीवर, एकाच अंतरावर घालतात.

शेवटी इंजिन बंद करून विमान तरंगत उतरवतात. धावपट्टी दूर वाटली की नाक वर धरण्याचा मोह होतो. तो टाळावा. नाक वर राहिले की वेग मरतो आणि विमान कोसळते.

आपल्याला हे शिकायचे असेल, तर संथ उडणाऱ्या प्रशिक्षण विमानापासून, जाणत्याच्या सोबतीने सुरुवात करा. भारतात उडवण्यापूर्वी ती जागा हवाई नकाशात निषिद्ध नाही ना, हे आधी पाहा. मग दोन खांबांची कल्पना करून उंची न बदलता डावे वळण घोटा. ते एक वळण सलग ३० वेळा सारखे जमवणे फार थोड्यांना साधते. म्हणूनच चाळीस वर्षे उडवणारेही दर रविवारी ते पुन्हा घोटायला येतात.