रंग गेला, पण पाणी साफ झालं का?

बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय शोधताय? मग लांब जाऊ नका. तुमच्या सिंधुदुर्गातच, एप्रिल-मेमध्ये रातांबे फुटायला लागले की विषय गटारातून वाहताना दिसेल. रातांबे धुतलेलं, आगळाचे पिंप विसळलेलं ते लालभडक पाणी!

दिसायला ते सरबतासारखं. पण त्यात आम्ल, मीठ आणि अमृत कोकम होत असेल तर साखरही. हे पाणी तसंच व्हाळात गेलं की जिवाणू साखरेवर ताव मारतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. व्हाळ मिळतो खाडीला, आणि तिथेच आपल्या तिसऱ्या नि कालवं असतात. म्हणूनच नदीनाल्यात सांडपाणी सोडताना त्याचा बीओडी, म्हणजे ही घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंतच असावा, असं आपल्याकडचं सर्वसाधारण मानक आहे.

आता उपाय बघा, तोही परसातलाच. नारळाची करवंटी! हवा न लागू देता ती ४०० ते ६०० अंशांवर भाजली की कोळसा होतो. मग ८०० अंशांच्या वर त्यातून वाफ सोडली की आत असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतात. हाच सक्रिय कोळसा. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग साधारण १,००० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची सातएक मैदानं! पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचाच कोळसा भरला होता. चुलीतल्या कोळशाला ही कमाल जमत नाही. आणि काजूच्या टरफलांच्या मोहात पडू नका. त्यातलं तेल दाहक असतं, धूर डोळ्याघशाला झोंबतो.

प्रयोग सोपा आहे. पातळ केलेलं आगळ घ्या, वेगवेगळ्या वजनाचा कोळसा घाला, तासभर ढवळा, गाळा. रंग उडालेला दिसेल. पण टाळ्या वाजवायची घाई नको. कोकमाचा रंग पीएचप्रमाणे बदलतो आणि कोळशातली राख पीएच वाढवते. म्हणून आधी-नंतरचा पीएच मोजा, दोन्ही नमुने एकाच पीएचला आणा, मगच कलरीमीटरला लावा.

खरी गोम पुढेच आहे. रंगाचे रेणू कोळशाला चिकटतात, पण साखर बरीचशी पाण्यातच राहते आणि मीठ तर जवळपास सगळंच निसटतं. म्हणजे पाणी स्वच्छ दिसेल, पण खाडीचा श्वास कोंडतच राहील. म्हणून सीओडीची चाचणी कराच. साखर संपवायचं काम जिवाणूंच्या टाकीचं, कोळसा त्यानंतर शेवटचा हात फिरवायला. मिठाचं पाणी वेगळं काढलेलंच बरं. भरलेला कोळसाही पुन्हा तापवून वापरात आणावा लागतो. तो व्हाळात फेकला तर केलेलं सगळं पाण्यात!

तेव्हा प्रोजेक्टच्या अहवालात नितळ पाण्याचा फोटो जरूर लावा. पण त्याखाली सीओडीचे दोन आकडे लिहा, आधीचा आणि नंतरचा. व्हायव्हात सर विचारणार ते त्यांच्याबद्दलच, आणि खाडीलाही तेच कळतात.