एंजलच्या पिल्लांचा पहिला घास

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, की फिशटँकला हीटर लागत नाही. लागतो तो हवेचा पंप. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो.

अशा टँकमध्ये सिक्लिड कुळातला एंजल मासा पानावर अंडी घालतो. ती दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिल्लं लगेच पोहत नाहीत. शेपट्या वळवळवत पानालाच चिकटून राहतात. पोटाशी बलकाची पिशवी असते, तोवर खाऊ टाकणं म्हणजे पाणी नासवणं. पुढे चार-पाच दिवसांनी ती पोहू लागली, की अंड्यातून नुकतीच निघालेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव) द्यावी. मिठाच्या पाण्यात तिची अंडी टाकून हवा सोडत ठेवली, तर ती दिवस-दीड दिवसात तयार होते. गोड्या पाण्यात धुऊन, थोडी थोडी, दिवसातून तीन-चारदा. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की जेवण झालं समजावं. उकडलेल्या अंड्याचा बलक अनेकजण सुचवतात. माझं मत विचाराल तर नकोच. उरलेले कण कुजतात, अमोनिया वाढतो.

सिक्लिडच असलेल्या, दक्षिण भारतातल्या नारिंगी क्रोमाइडची पिल्लं तर आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात! १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापियाही याच कुळातला. त्याची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून ती जगतात आणि तलावभर होतात.

बाहेरून आलेला मासा असा पसरू शकतो. तेव्हा एंजलची पिल्लं जास्त झाली तर ओळखीच्यांना द्या, दुकानात द्या. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मात्र सोडू नका. तिथल्या माशांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची चूल पेटते.