फडक्यात बांधलेले पुडिंग
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पुडिंग हा गोड पदार्थ नव्हता; जनावराच्या आतड्यात किंवा जठरात मांस, रक्त, चरबी आणि धान्य भरून जे उकडले जाई, त्याला पुडिंग म्हणत. डुकराचे रक्त, चरबी व ओट किंवा बार्ली यांचे ब्लॅक पुडिंग आणि मेंढीचे हृदय, यकृत व फुप्फुसे घालून केलेला स्कॉटलंडचा हॅगिस हे त्या परंपरेतील पदार्थ आजही आवडीने खाल्ले जातात.

आतडी जनावर कापले तरच मिळत आणि फार टिकतही नसत. त्यामुळे सतराव्या शतकात त्यांच्या जागी कापडी फडके रुळले, तेव्हा पुडिंग कोणत्याही दिवशी करता येऊ लागले. फडके गरम पाण्यात भिजवून त्यावर पीठ भुरभुरत, मग त्यात मैदा, अंडी, मनुका आणि सूएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कठीण चरबी, यांचे मिश्रण घालून फुगायला जागा राहील अशी गाठ मारत आणि ते गाठोडे कित्येक तास उकळत ठेवत. सूएट लोण्यापेक्षा उशिरा वितळते, तोवर भोवतीचे पीठ घट्ट होऊ लागलेले असते आणि चरबीच्या जागी राहिलेल्या बारीक पोकळ्यांमुळे एवढा भारदस्त पदार्थही आतून हलका होतो. भट्टी नसलेल्या, चुलीवर एकच पातेले असलेल्या घरालाही सणाचे पक्वान्न रांधता यावे, ही या साध्या फडक्याची थोर कामगिरी होय. जुन्या चित्रांतील ख्रिसमस पुडिंग चेंडूसारखे गोल दिसते, तेही त्यामुळेच.

यॉर्कशर पुडिंग मात्र ना उकडलेले, ना गोड. भाजल्या जाणाऱ्या मांसाखाली ठेवलेल्या, ठिबकणाऱ्या चरबीने तापलेल्या थाळीत अंडी, मैदा व दुधाचे सरसरीत पीठ ओतले की वाफेने ते फुगते. हॅना ग्लास यांनी 1747च्या पाकपुस्तकात ते याच नावाने नोंदवले. महाग मांस पुरवून खाता यावे म्हणून रश्शासह ते आधी वाढण्याची रीत होती.

आज ब्रिटनमध्ये जेवणाअखेरच्या कोणत्याही गोडाला पुडिंग म्हणतात, तर अमेरिकेत दूध, साखर व मक्याचा स्टार्च यांच्या मऊ, थंड पदार्थाला. स्टार्चचे कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात व दूध दाटते, याच गुणावर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837मध्ये, पत्नीला अंडी सोसत नसल्याने, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली; महाराष्ट्रातील शाकाहारी घरांतही फळांसोबत कस्टर्ड होऊ शकते, ते अशाच पावडरीमुळे.