खो देता आला पाहिजे

शाळेच्या संघाचा कर्णधार कोणाला केलं, हे विचारायला पालक क्रीडाशिक्षकांना गाठतात. सरावात रोज काय शिकवता, हे विचारायला फारसं कोणी येत नाही. पोराच्या नावापुढे कर्णधार लागलं की नेतृत्वगुण आले, असा हा सरळ हिशेब असतो. हा हिशेब मला कधीच पटला नाही. न पटण्याचं कारण पाहायचं असेल तर क्रिकेटचं मैदान सोडून जरा खो-खोच्या मैदानावर यावं.

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० आणि मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. बातमी तेवढ्यावर संपली. पण असे कर्णधार घडवण्यात या खेळाच्या रचनेचाच मोठा हात आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आठ जण चौकांत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही. समोरचा गडी मात्र कुठूनही निसटू शकतो. म्हणजे नुसत्या वेगावर कोणी कोणाला पकडू शकत नाही. गडी हुलकावणी देऊन पलीकडे गेला, की त्या बाजूला तोंड करून बसलेल्या भिडूला पाठीमागून खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. गडी हाताच्या अंतरावर आलेला असतो, आणखी दोन पावलं टाकली तर बाद होईल असं वाटत असतं, आणि नेमकं तेव्हाच तो दुसऱ्याच्या हवाली करायचा असतो. अकरा-बारा वर्षांच्या पोराला हे फार जड जातं. आपल्याच हातून गडी बाद व्हावा म्हणून तो खो द्यायला उशीर करतो आणि गडी निसटतो. उशीर कोणाचा झाला हे सगळ्या मैदानाला दिसतं. बसलेल्या आठांनाही स्वस्थ बसता येत नाही. खो कधी येईल ते ठाऊक नसतं, आणि आला की उठता उठता कुठे झेपावायचं ते ठरवावं लागतं. नऊ मिनिटांच्या डावात असे निर्णय किती होतात ते मोजायला बसलात तर दमाल. त्यातला जवळपास एकही कर्णधार घेत नाही.

संरक्षणात पोरं तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. तिथे गुण मिळवण्यापेक्षा वेळ काढायचा असतो. पहिली तुकडी कोणती, सगळ्यात चपळ गडी आधी उतरवायचा की राखून ठेवायचा, हे कर्णधाराचं काम. महत्त्वाचं खरं, पण ते एकदा ठरवलं की त्याच्या हातात फारसं उरत नाही.

मग प्रशिक्षकाने करायचं काय? आपल्याकडे बहुतेक सामन्यांत तो रेषेबाहेरून ओरडत असतो. ‘दे, दे, खो दे!’ त्यामुळे खो वेळेवर जातो, कधी सामनाही जिंकला जातो. पण निर्णय मास्तरांचा आणि पाय तेवढे पोराचे, असं होऊन बसतं. क्रिकेटमधल्या रमाकांत आचरेकर सरांची रीत वेगळी होती. सचिन तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून ते एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात नेऊन उतरवत. जाळीतल्या सरावात चूक झाली तर पुढचा चेंडू मिळतो, सामन्यात मिळत नाही. पोराला खऱ्या सामन्यात एकट्याने ठरवायला लावणं ही त्या स्कूटरमागची शिकवण.

मार्गदर्शकाचं दुसरं काम मैदानाबाहेरचं असतं, आणि तेच अधिक अवघड. धाराशिवची सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. घरची परिस्थिती अशी, की अनेक वर्षं एक वेळच्या जेवणावर ती खेळली. त्याच वर्षी तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला पुन्हा मैदानावर आणलं. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान बावीस वर्षांनी आला होता. तेव्हा ती तुळजापुरात क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती, म्हणजे पुढच्या पोरींना मैदानावर आणणं हेच तिचं काम झालं होतं. सुवर्णपदक जिंकलेली कर्णधारही खेळ सोडायच्या उंबरठ्यावर येते. अशा वेळी डावपेचांपेक्षा घरी जाऊन बोलणारं माणूस लागतं. ते सरकारी योजनेतून नेमता येत नाही.

दहावीचे सवलतीचे गुण, नोकरीतलं पाच टक्के आरक्षण यासाठी मुलं खेळतात, अशी नाकं मुरडली जातात. मुरडू देत. त्या लालचेने का होईना, पोर मैदानावर येत असेल तर हरकत कसली? हरकत आहे ती खेळाच्या तासाला गणित घेणाऱ्या शाळांवर.

शाळांना एवढंच सांगावंसं वाटतं, की कर्णधारपद वर्षभर एकाकडे ठेवू नका, ते फिरतं ठेवा. डाव संपल्यावर आधी पोरांना बोलू द्या, मास्तरांनी शेवटी बोलावं. आणि पालकहो, येत्या तालुका स्पर्धेत रेषेबाहेर उभे राहाल तेव्हा टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, फक्त खो कधी द्यायचा ते ओरडून सांगू नका.