समितीतली खुर्ची

जानेवारी २०१९ मध्ये इल्हान उमर हिजाब घालून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आल्या, तेव्हा आम्हा सर्वांना त्याचेच अप्रूप वाटले. त्यासाठी डोके झाकण्यावरची १८१ वर्षांची बंदी शिथिल करावी लागली होती.

पण कायद्याचे बरेचसे काम समित्यांत चालते. उमर यांना परराष्ट्र व्यवहार समितीसोबत शिक्षण समितीही मिळाली. लहानपणी केनियातील निर्वासित छावणीत चार वर्षे काढलेल्या या भगिनीने मुलांच्या जेवणाचा प्रश्न हाती घेतला. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांना शाळेचे जेवण मिळत राहावे यासाठी त्यांनी मांडलेली तरतूद कायद्यात आली.

२ फेब्रुवारी २०२३ रोजी, इस्रायलविषयीच्या वक्तव्यांचे कारण देऊन, २१८ विरुद्ध २११ मतांनी त्यांना परराष्ट्र समितीतून काढण्यात आले. त्या शिक्षण समितीवर राहिल्या. त्याच वर्षी सर्व शाळकरी मुलांना मोफत जेवण देण्याचे विधेयक त्यांनी बर्नी सँडर्स यांच्यासोबत पुन्हा मांडले.

आपल्या दारी मते मागायला येणाऱ्यांनाही आपण विचारू या: साहेब, तुम्ही कोणत्या समितीवर होता, आणि आमच्या लेकरांसाठी तिथे काय मागितले?