लेखांक ६ : झाकता न येणाऱ्या उपचाराची नोंद

व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून रुग्णाला संगणकाने उभ्या केलेल्या दृश्यात नेण्याचे तंत्र, भाजलेल्या जखमांचे ड्रेसिंग, जुनाट कंबरदुखी, उंचीची भीती किंवा पक्षाघातानंतरचा हाताचा व्यायाम अशा अनेक ठिकाणी उपचार म्हणून वापरले जाऊ लागले आहे. मात्र त्याचा गुण आला की नाही हे ठरवताना एक अडचण आधी ओलांडावी लागते : गोळीत कोणते द्रव्य किती मिलिग्रॅम आहे हे तिच्या वेष्टनावरच छापलेले असते, पण रुग्णाने हेडसेटमध्ये नेमके काय पाहिले, ते संशोधकाने लिहून ठेवले नाही तर दुसऱ्या कोणालाही कळण्याचा मार्ग उरत नाही.

चाचणीचा अहवाल लिहिताना कोणत्या बाबी वगळता येणार नाहीत, याची ‘कन्सॉर्ट’ नावाची यादी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००१, २०१० व २०२५ मध्ये ती सुधारण्यात आली. चाचणी कशी करावी हे ही यादी सांगत नाही. जे केले ते वाचकाला तपासता यावे अशा रीतीने कसे मांडावे, एवढेच ती सांगते. रुग्ण कोठले होते, त्यांची निवड कशी झाली, कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरले का, गुण मोजण्याचे मुख्य परिमाण आधी ठरले होते का आणि मधेच किती जण गळाले, हे प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहेत.

अशा नोंदीचा उत्तम नमुना रायगड जिल्ह्यातच सापडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावरील चाचणीचा अहवाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. केवळ प्रॅझोसिन हे औषध मिळालेले रुग्ण आणि त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस मिळालेले रुग्ण अशी ही तुलना होती. दोन्ही गटांत ३५-३५ रुग्ण होते आणि उपचार सुरू झाल्यापासून १० तासांत लक्षणे शमली का, हे मुख्य परिमाण होते. प्रतिलस मिळालेल्यांपैकी ३२ जणांची, तर दुसऱ्या गटातील ८ जणांची लक्षणे त्या मुदतीत शमली. या आकड्यांइतकेच महत्त्व शीर्षकातील दोन शब्दांना द्यावे लागते : ‘ओपन लेबल’. कोणाला काय दिले हे झाकलेले नव्हते, ही मर्यादा लेखकांनी पहिल्याच ओळीत वाचकाच्या हाती दिली. तालुक्याच्या गावातील रुग्णालयातून आलेले काम जगभर विश्वासाने वाचले जाते, त्याचे बरेचसे श्रेय अशा उघड नोंदीला आहे.

व्हर्च्युअल रिअॅलिटीत ही झाकण्याची अडचण कितीतरी वाढते. औषधाच्या चाचणीत दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, देता येते. हेडसेट मात्र रुग्णापासून लपवता येत नाही, आणि नव्या यंत्राच्या नवलाईनेच वेदना काही काळ विसरली जाऊ शकते. म्हणून नियंत्रण गटाला, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गटाला, काय मिळाले हा अहवालातील सर्वांत कळीचा मजकूर ठरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ‘ईझव्हीआरएक्स’ या प्रणालीला परवानगी दिली, तिच्या १७९ जणांच्या चाचणीत तुलनेच्या गटालाही हेडसेटच देण्यात आला होता. फक्त त्यातील दृश्ये द्विमितीय होती आणि वेदनेला सामोरे जाण्याचे वर्तनोपचारातील कौशल्य त्यांत शिकवलेले नव्हते. आठ आठवड्यांच्या उपचाराअखेर वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचे उपचार गटातील ६६ टक्के, तर तुलनेच्या गटातील ४१ टक्के लोकांनी सांगितले. हा दुसरा आकडा छापला नसता, तर पहिल्याचा अर्थ वाचकाने फारच फुगवून घेतला असता. त्याच नोंदीत २०.८ टक्के लोकांना हेडसेटचा त्रास झाला आणि ९.७ टक्के लोकांना गरगरणे व मळमळ जाणवली हेही आहे. गाडी लागावी तशा या त्रासाला ‘सायबरसिकनेस’ म्हणतात.

अशा संशोधनाच्या पायऱ्या ठरवण्यासाठी ब्रॅंडन बर्कहेड, ब्रेनन स्पीगेल आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तीन टप्पे सुचवले : पहिल्यात रुग्णांना सोबत घेऊन दृश्य तयार करणे, दुसऱ्यात ते सोसवते का आणि वापरता येते का हे पाहणे, आणि त्यानंतरच तिसऱ्यात यादृच्छिक चाचणी घेणे. २०२४ मध्ये आलेली ‘रेट-एक्सआर’ ही सूची सुरुवातीच्या टप्प्यांतील अभ्यासांच्या अहवालांसाठी आहे.

त्या तीन टप्प्यांपैकी पहिला सर्वांत कमी महत्त्वाचा मानला जातो, आणि तो किती मोलाचा आहे हे रायगड जिल्ह्यातल्याच चौक गावाच्या परिसरात उभे राहून विचार केल्यास नीट कळते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाचलेल्या ठाकर कुटुंबांचे पुनर्वसन चौकजवळ झाले. आघातानंतरच्या भीतीवर आभासी दृश्याच्या साहाय्याने उपचार करण्याची पद्धत जगात रूढ होत आहे. ती अशा वस्तीपर्यंत आणायची झाली, तर परदेशी शहरात बेतलेले दृश्य आणि परक्या भाषेतील आवाज येथे चालणार नाहीत. पाऊस, डोंगर आणि रात्र दाखवायची की नाही, दाखवायची तर किती, हे त्या माणसांना विचारल्याशिवाय ठरवणे म्हणजे त्यांच्या दुःखावर प्रयोग करणे होय. म्हणून दृश्य कोणी रचले, कोणत्या बोलीत, किती रुग्णांना आधी विचारले आणि त्यांच्या सांगण्यावरून काय बदलले, हे अहवालात यायलाच हवे.

त्याच्याच शेजारी मात्रेची नोंद हवी : एक बैठक किती मिनिटांची, आठवड्यातून किती वेळा, घरी की रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली, हेडसेट कोणत्या बनावटीचा आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, कारण चाचणी चालू असतानाच आवृत्ती बदलली तर पहिल्या आणि शेवटच्या रुग्णाला मिळालेला उपचार एकच राहत नाही. अपस्मार किंवा चक्कर येण्याची तक्रार असलेल्यांना वगळले असल्यास तेही नोंदवावे लागते. भारतात २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. यामुळे आधी ठरवलेले परिमाण नंतर गुपचूप बदलले का, हे कोणालाही ताडून पाहता येते. ज्यांनी हेडसेट मधेच काढून ठेवला त्यांची संख्या, कितव्या मिनिटाला काढला आणि का काढला, हे मात्र रजिस्ट्रीत सापडत नाही. ते चाचणी घेणाऱ्यानेच त्या दिवशी, त्या खाटेजवळ लिहून घ्यावे लागते.